केसरअक्काचं कोपर

मला स्वयंपाकातलं फारसं कळत नाही, हे केसरअक्कानं मी तिच्या घरी भाडेकरू म्हणून आले त्या पहिल्याच दिवशी ओळखलं आणि पुढे कधी विसरली नाही. मी सांगलीकडची. धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली, आणि ऐंशीच्या दशकातली पाच वर्षं मी अक्काच्या माडीवर काढली. खाली नानांची, म्हणजे अक्काच्या नवऱ्याची, पिठाची गिरणी होती. धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्यांना नंबर आहेत, नावं नाहीत. गणितवालीला आणखी काय हवं? मी खोली पाहताक्षणी घेतली. गिरणी दिवसभर चालते आणि माडीची फरशी तिच्याबरोबर थरथरते, हे सामान लावून झाल्यावर कळलं.

"चहा करता येस का?" अक्कानं विचारलं.

"येतो."

"आनि भाकर?"

मी म्हटलं, पोळ्या येतात, जरा वेड्यावाकड्या होतात. तिनं माझे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन उलटेसुलटे करून पाहिले. "हाऊ हात खडूना शे," असा निकाल देऊन ती खाली गेली, आणि त्या दिवसापासून माझं रात्रीचं जेवण तिच्याकडे आहे असं तिनं परस्पर ठरवून टाकलं.

अक्का तेव्हा पंचेचाळिशीची असेल. ठेंगणी, रुंद खांद्यांची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. माहेर शिंदखेड्याकडचं. आवाज असा की गिरणीच्या वर ऐकू यावा, कारण तो गिरणीशेजारीच पोसलेला. ती सगळ्या गल्लीत प्रसिद्ध होती ती मांड्यांसाठी. ज्यांनी खानदेशातले मांडे पाहिले नाहीत त्यांना ते सांगून पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. वस्त्रगाळ कणीक तासभर पाणी लावून लावून तिंबायची, इतकी सैल की बोटातून गळेल. तिच्यात पुरणाचा गोळा भरायचा. मग पोळपाट-लाटणं बाजूला ठेवून तो उंडा दोन्ही हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर, तळव्यावरून कोपरापर्यंत, फिरवत फिरवत वाढवायचा. बघता बघता तो उपरण्याएवढा होतो, पलीकडचा माणूस दिसेल इतका पातळ, आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर एका झोकात पडतो. गल्लीत लग्न असो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया असो, खापरापाशी अक्का हवीच. कोणी दुसरीनं मांडा टाकला तर लोक खात, पण अक्काला कळू देत नसत.

कणीक ओढली की तुटू नये, लांबावी, याला ती 'तार येणं' म्हणायची, आणि जगातल्या सगळ्या गोष्टी ती याच मापानं मोजायची. कोणाच्या मुलीला स्थळ आलं की "पोऱ्याले अजून तार नही उनी." निवडणुकीचा उमेदवार मतं मागून गेला की तेच. माझ्या आमटीलाही तेच, आमटीला तार कुठून येणार! कोणी घाई केली की ती डोळे मोठे करून म्हणायची, "घाई करशी तं मांडा फाटी जाई." आणि ही बाई स्वतः इतकी उतावळी, की दूध उतू जायच्या आधी पातेलं उचलून हात भाजून घ्यायची. धीर तिला फक्त कणकेपुरता होता. बाकीचा पुढे कमवावा लागला, तेच मला सांगायचं आहे.

माझ्या तिसऱ्या वर्षी आखाजी झाली आणि आठवड्यातच अक्का पडली. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, वारा सुटला, ती शिडीवरून धावत चढली आणि तितक्याच वेगानं उजव्या हातावर खाली आली. कोपर निखळलं. मी शाळेतून आले तोवर गल्लीनं सगळं उरकलं होतं. टेम्पोतून तिला सोनगीरच्या पलीकडच्या एका खेड्यात हाड बसवणाऱ्याकडे नेऊन, बांबूच्या कामट्या आणि चिंध्या बांधून परतही आणलं होतं. "दवाखान्यात का नाही नेलं?" मी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मीच कुठूनतरी पडले असावे.

चाळीस दिवसांनी कामट्या सुटल्या. हात काठीसारखा सरळ. मग सुरू झाली मालिश.

इथे गल्लीची बाजूही सांगायला हवी. तिकडे आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे नुसतं बसून "कसं काय" विचारायचं नसतं. जो अवयव दुखतो तो हातात घ्यायचा, दाबायचा, चोळायचा. हात न लावता परत गेलात तर तुमच्या मनात माया नाही. अक्कानं पंचवीस वर्षं सगळ्या गल्लीला खाऊ घातलं होतं, त्यामुळे मायेला तोटा नव्हता. रोज चार-पाच बाया यायच्या, कोमट तेलाची वाटी तयारच असायची, आणि प्रत्येक जण ते कोपर आणखी थोडं वाकवून बघायची. सगळ्यांत पुढे शेजारची सोनामाय. साठीची, सडसडीत, पण बोटं लोखंडाची. गल्लीतली सगळी बाळं आणि सगळ्या बाळंतिणी तिच्याच हाताखालून गेलेल्या. ती गुडघा अक्काच्या दंडावर रोवायची आणि मनगट धरून ओढायची. अक्का किंचाळायची, नाना गिरणीचा पट्टा चढवून आवाज मोठा करायचे. सोनामाय घाम पुसत म्हणायची, "आज जरासा वाकना व." आणि दुसऱ्या दिवशी हात कालच्यापेक्षा कडक.

पोळ्याच्या सुमारास मी हट्टच धरला आणि तिला एक्स-रेला घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, पुण्याकडून नुकतेच धुळ्याला आलेले. त्यांनी फिल्म उजेडाला धरली, फिरवून पुन्हा पाहिली. मग विचारलं, "मालिश कोण करतं?"

"बठ्ठा करतस," अक्का अभिमानानं म्हणाली, म्हणजे सगळी गल्लीच.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कोपर हा रागीट सांधा. त्याला ओढलं, चोळलं, की आतल्या आत रक्त साकळतं आणि स्नायूमध्ये हाड तयार व्हायला लागतं. इतक्या मायेनं चोळून चोळून गल्लीनं त्या हातात एक नवं हाडच वाढवलं होतं. ते काढावं लागणार होतं, पण लगेच नाही. ते हाड अजून कच्चं होतं. आत्ता काढलं तर परत धरेल. दिवाळीनंतर बघू.

मला वाटलं, आता ही आकांडतांडव करेल. पण बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "कच्चं शे म्हने. पिकू दे म्हने." कच्चं काही काढू नये, हे तिला पटण्यासारखं होतं.

ते तीन महिने वाईट गेले. हात तोंडाकडे येत नव्हता, केसाकडे जात नव्हता. डाव्या हातानं जेवायला तिनं साफ नकार दिला. मग नाना चमच्यानं भरवायचे. दिवसाकाठी चार शब्द बोलणारा हा माणूस रोज दोनदा गिरणी बंद करून, पिठानं पांढरा झालेला, तिच्यासमोर पाटावर बसायचा. ती भिंतीकडे बघून खायची. तिचं कुंकू मी लावायचे. एकदा ते वाकडं लागलं, तर ती आरशात बघून रडली. कुंकवासाठी नव्हे, हे मला कळलं, आणि त्या दिवशी मी शाळेला उशिरा गेले.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "माझं काम झालं. आता तुमचं. हात तुम्ही स्वतः वाकवायचा, स्वतःच्या जोरानं, दर तासाला. दुखेल, तरी वाकवायचा. पण दुसऱ्या कोणाचा हात या कोपराला लागला, तर मी परत कापणार नाही."

घरी आलो तर ओटीवर बारा बाया बसलेल्या आणि मधोमध तेलाची वाटी.

डॉक्टरांनी मनाई केली आहे, असं मी सांगितलं. कोणी मनावर घेतलं नाही. डॉक्टर कालचा पोरगा, त्याला काय कळतं? सोनामायनं बाह्या मागे सारल्या. तेवढ्यात अक्कानं डाव्या हातानं पदराखालून मनगट पुढे केलं. त्यावर एक पिवळा दोरा होता, मी तो दवाखान्यात पाहिला नव्हता. पुढे कळलं की औषधाच्या पुडक्याचा होता.

"कानबाईना दोरा शे," ती म्हणाली. "आखाजीलोंग कोनाच हात लागाले नको, आनि आखाजीले याच हातघाईन मांडा करसू. बोलेल शे मी."

आखाजीपर्यंत कोणाचा हात नाही, आणि आखाजीला मांडा, असा नवस. कानबाईचं नाव निघालं आणि बारा बायांचे हात बारा ठिकाणी थांबले. श्रावणात सगळी गल्ली जिला डोक्यावर घेऊन नाचते, तिच्यापुढे कोण बोलणार? सोनामायनं वाटी उचलली आणि घरी गेली. तिला लागलं होतं, हे सगळ्यांना दिसलं.

दुपारी अक्का माडीवर आली. चेहरा उतरलेला. "मास्तरीन, मी देवीनं नाव लिसन खोटं बोलनू. आते?"

मी देवाधर्मातली नव्हे. मी म्हटलं, "मग खरं करून टाका."

मी सहज बोलले होते, पण तिनं ते गाठीला बांधलं. खोट्याचा नवस झाला होता आणि आता तो फेडायला सहा महिने होते.

घड्याळाशी अक्काचं कधी जमलं नव्हतं. दर तासाला म्हणजे केव्हा, यावर तिनं आपला तोडगा काढला. गिरणीत गिऱ्हाईकाचा डबा ओतला, पट्टा फिरायला लागला, की ती उंबऱ्याशी बसून हात वाकवायला आणि सरळ करायला लागायची. डबा संपला, गिरणी थांबली, की विसावा. पुढचा डबा, पुन्हा सुरू. ओठ दातात धरलेले, कपाळावर घामाचे थेंब, आणि शिव्या. त्या हाताला ती इतक्या शिव्या घालायची की दळण घेऊन आलेली मुलं हसायची. गल्लीतल्या बायांनी एक गंमत केली. दहा किलोचं दळण दोन डब्यांत आणायला लागल्या, म्हणजे अक्काला मध्ये दम घेता येईल. हात लावता येत नव्हता, मग त्या दुसरं काय करणार!

लाईट गेली की पंचाईत. एके दिवशी दुपारभर वीज नव्हती आणि अक्का खुशाल पाय पसरून बसली होती. नाना बाजूच्या स्टुलावर येऊन बसले. "चाल," म्हणाले. ती चकित होऊन वाकवायला लागली. थोड्या वेळानं म्हणाले, "थांब." मग परत "चाल." लाईट येईपर्यंत नाना गिरणी झाले होते. त्यांच्या तोंडून एका दिवसात इतके शब्द मी पुन्हा कधी ऐकले नाहीत.

माझं योगदान म्हणजे कोनमापक. फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक मी शाळेतून आणला होता, आणि दर रविवारी मी अक्काचं कोपर मोजायचे. अक्काला माझे अंश पटत नसत. तिची मापं वेगळी होती. हात मंगळसूत्राला लागला, तो एक दिवस. त्या दिवशी तिनं साखर वाटली. पुढचं ठाणं हनुवटी. मग ओठ, मग कुंकू, मग अंबाडा. "तुना कोन तुनाजोडे ठेव," म्हणायची. "अंबाडा बांधता उना का मी बरी."

संक्रांतीपर्यंत हात हनुवटीच्या दोन बोटं खाली आला आणि तिथे अडला. एक रविवार, दोन रविवार, पाच रविवार. आकडा हलेना. ती पूर्वीइतकीच वाकवत होती, उलट जास्त. तिच्या तोंडावरची उमेद उतरत चालली, आणि मला ते बघवेना. सहाव्या रविवारी मी पाच अंश जास्त सांगितले. सातव्या रविवारी आणखी पाच. आयुष्यभर मुलींना "उत्तर चोरू नका" म्हणून ओरडणारी मी, आणि मीच चोरलं.

अक्कानं मान हलवली. मग सावकाश हात उचलला आणि जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत नेऊन धरला. हनुवटीच्या दोन बोटं खाली.

"मास्तरीन, तुना आकडा खोटा शे. मना हात खोटा बोलस नही."

मला मान वर करता येईना. ती रागावली नाही, तेच जास्त झोंबलं. उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी रविवारला जोडून सुट्टी होती, म्हणून मी घरी होते. दुपारी गिरणी बंद असताना अक्का ओटीवर आली आणि शेजारच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "सोनामाय!"

सोनामाय तीन महिन्यांत आमच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"सोनामाय, एकच झटका दे," अक्का म्हणाली. हात तिनं पुढे केला होता. "एकच. मी वरडनार नही."

मी जिन्यातच उभी होते. ओरडावं, खाली धावावं, असं वाटलं. पण काल खोटं बोललेल्या माणसाला आज अडवायचा काय अधिकार? नाना गिरणीच्या दारात उभे राहिले. ऑपरेशन, तीन-चार महिन्यांची मेहनत, सगळं त्या एका झटक्यावर आलं होतं.

सोनामायनं हाताकडे पाहिलं. मग मनगटावरच्या दोऱ्याकडे पाहिलं. तो आता काळपट झाला होता. तिची बोटं आपोआप उचलली गेली आणि तिनं ती मागे घेतली, पदरात गुंडाळून घेतली.

"नही वं माय. कानबाईना दोरा शे. आखाजी व्हऊ दे."

"सोनामाय, तो दोरा..." अक्का बोलायला लागली. मला माहीत होतं पुढे काय येणार. तो दोरा खोटा आहे, औषधाच्या पुडक्याचा आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण सोनामायच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती म्हणाली, "तू बोलेल शे. मी रोज कानबाईले सांगस, इना हात चांगला कर. मी कशी तोडू?"

अक्कानं तोंड मिटलं. हात खाली घेतला. मग अक्का वळून नानांवर ओरडली, "देखत काय ऱ्हायनात? डबा टाका ना!"

त्या आठवड्यात मी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मोजलं, आणि स्पष्ट सांगितलं की हात याहून फार वाकेल असं वाटत नाही. सरळही पूर्ण होणार नाही, थोडा बाक राहील. "पण कामापुरता झालाय," ते म्हणाले. "काय करायचंय तुम्हाला या हातानं?"

"मांडा."

डॉक्टरांना मांडा म्हणजे काय माहीत नव्हतं. अक्कानं इकडेतिकडे पाहिलं, टेबलावरचा हात पुसायचा टॉवेल उचलला आणि त्या खोलीच्या मधोमध उभी राहून दाखवायला लागली. डाव्या हातावर टॉवेल फिरला, उजव्याकडे आला आणि घसरून खाली पडला. तिनं परत उचलला. बाहेरचे पेशंट दारातून डोकावत होते. तिसऱ्या वेळी डॉक्टर खुर्चीतून उठले.

"थांबा. तुमचा हात वाकत नाही म्हणून टॉवेल पडत नाहीये. तळवा उताणा होत नाहीये म्हणून पडतोय. आपण इतके दिवस वाकवण्याच्याच मागे लागलोय. तुम्हाला तर तो फिरवायचा आहे!"

"तेच तं सांगस ना मी," अक्का म्हणाली, जणू ती हेच पहिल्या दिवसापासून सांगत होती.

नवा व्यायाम असा होता: कोपर बरगडीला टेकवायचं, मुठीत लाटणं उभं धरायचं आणि ते डावीकडे आडवं, उजवीकडे आडवं करायचं. तळवा जमिनीकडे, तळवा आभाळाकडे. अक्कानं घरी येऊन लाटण्याऐवजी मुसळच घेतलं, त्यावरून माझं आणि तिचं भांडण झालं, आणि शेवटी लाटण्यावर तडजोड झाली. कोनमापक मी शाळेत परत नेऊन ठेवला. फाल्गुन गेला, चैत्र लागला, गल्लीत उकाडा वाढला, आणि गिरणीच्या तालावर ते लाटणं फिरत राहिलं. होळीला तळवा भिंतीसारखा उभा होता. रामनवमीला त्यावर पाणी ठरत नव्हतं. आखाजीच्या आधल्या आठवड्यात तिनं मला खाली बोलावलं, उताण्या तळव्यावर पाणी घेतलं आणि ते न सांडता माझ्यासमोर धरलं.

आखाजीला लेकी माहेरी आल्या, लिंबाला झोके बांधले गेले, पितरांची घागर भरली गेली. अंगणात चूल पेटली, खापर चढलं. गल्लीतली प्रत्येक बाई काही ना काही निमित्तानं तिथे आली होती. मदतीला कोणी पुढे जाऊ शकत नव्हतं, दोरा होता ना. कणीक अक्कानं पहाटेपासून एकटीनं तिंबली होती, डाव्या हातानं जास्त, उजव्यानं कमी.

पहिला उंडा तिनं हातावर घेतला. दोन फेरे झाले आणि तो फाटला, पुरण जमिनीवर. दुसरा चांगला वाढला, परातीएवढा झाला, आणि कोपराशी येऊन अडकला, कारण कोपर सरळ होत नव्हतं. तोही गेला. नाना गिरणीच्या दारात पाठ करून उभे राहिले.

अक्का थांबली. तिनं कणकेवर ओलं फडकं झाकलं आणि चुलीपुढे नुसती बसली. किती वेळ, सांगता येणार नाही. चुलीत दोनदा काटक्या सारल्या गेल्या. मग ती उठली, तिसरा उंडा घेतला, आणि या वेळी तिनं उजवं कोपर सरळ करायचा प्रयत्नच सोडून दिला. ते बरगडीशी घट्ट धरलं, तसंच वाकडं, आणि हाताऐवजी कमरेतून स्वतःच झोके घेऊ लागली. मांडा या हातावरून त्या हातावर, आणि अक्का त्याच्याबरोबर, डावीकडे, उजवीकडे. तो वाढला. पूर्वीइतका नाही, पण वाढला. त्याच्यातून मला पलीकडची चूल दिसली. मग तो खापरावर पडला, अख्खा.

सोनामाय मोठ्यानं रडायला लागली आणि मग कोणालाच लाज राहिली नाही. मीही रडले, आणि ते सांगायला मला आजही संकोच वाटत नाही.

नैवेद्य झाल्यावर अक्कानं मांड्याचा तुकडा आमरसात बुडवला आणि सगळ्यांसमोर नानांच्या तोंडाशी नेला. तिच्या स्वतःच्या तोंडापर्यंत तो हात पोचत नव्हता, शेवटपर्यंत पोचला नाही; ती घास घेताना मान खाली घालायची. पण नानांच्या तोंडापर्यंत सहज गेला. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. नाना लाजेनं लाल झाले. कितीतरी महिने त्यांनी तिला भरवलं होतं, आता त्यांनी घास घेतला, सावकाश चावला.

"मीठ राहिनं," ते म्हणाले.

अक्कानं त्यांना जे काही सुनावलं ते मी इथे लिहीत नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली जळगावला झाली. पत्रं यायची, दुसऱ्या कोणाच्या अक्षरात. तिला मी शेवटचं पाहिलं ते नव्वदच्या दशकात, जळगावच्या एका लग्नात. मांडवाच्या मागे चार खापरं मांडली होती आणि चार पोरी मांडे करत होत्या, अठरा-वीस वर्षांच्या, धडधाकट. मी सहज बघत उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं, की चौघींचीही उजवी कोपरं बरगडीला चिकटलेली आहेत. वाकडी. आणि चौघीही कमरेतून झुलत होत्या.

मी एकीला विचारलं, "हात असा का धरतेस ग? दुखतो का?"

ती माझ्या अज्ञानाला हसली. "नाही हो बाई. मांड्याला असाच धरतात. आमच्या केसरअक्कानं शिकवलंय."

तेवढ्यात पलीकडून तो गिरणीवरचा आवाज आला. "हात सीधा धर वं! कितलांदाव सांगू? मना हात मोडेल शे म्हनीसन वाकडा शे. तुले काय व्हयनं?" अक्का आली, केस पांढरे झालेले, अंबाडा कोणीतरी नीट बांधून दिलेला. तिनं मला अजून पाहिलं नव्हतं. त्या पोरीचं कोपर धरून तिनं ते सरळ केलं.

पोरीनं सरळ हातानं दोन फेरे घेतले. मांडा डगमगायला लागला, कडेला विरळ झाला. तिनं घाबरून अक्काकडे पाहिलं, आणि गुपचूप कोपर परत बरगडीशी ओढून घेतलं. मांडा सावरला आणि वाढत गेला.

अक्का काही बोलणार होती. तिनं मांड्याकडे पाहिलं, मग चुलीकडे वळली आणि खाली बसून जाळ सारखा करायला लागली.